सोमवारची यशोदा

नाई भाऊ, ते कापड नका उचलू. खाली पाहाण्यासारखं काही नाई — हाच तो कॉम्प्युटर, ज्याच्यासाठी तुम्ही हिंगणघाटहून बसचे धक्के खात आले. बंद हाय. बिघडला नाई, मीच बंद केला. बसा ना, उभे काऊन? त्या खुर्चीवर बसा, तिचे पाय धड हायत. बाहेरची पाटी वाचून आत आले तुम्ही, माहीत हाय मले — ‘कॉम्प्युटरवर अचूक जन्मपत्रिका, रूपराव मास्तर’ — ती पाटी काढाची राहून गेली. काऊन राहिली? शिडी लागते, अन् या डोळ्यानं शिडीवर चढवत नाई आता. तसं शिडीचंच काही कारण नोहे, पन ते जाऊ द्या. पोरीची पत्रिका पायजे ना तुम्हाले? हातानं करून देतो. चार दिवस लागतीन. भिंग घेऊन करतो, पन करतो.

छापील पायजे? हाव, सगळ्याइले छापीलच पायजे. पोराकडचे मागतेत म्हनता — मागतीनच. मीच लावली ना ही सवय इथल्या लोकाइले. आता ऐकून घ्या माह्यापाशी, बस तुमची साडेचारची हाय, तोवर काय करान? मी काही भट नोहो, हे आधीच सांगतो. अल्लीपूरच्या शेतकऱ्याचं पोरगं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, अन् पंचांग म्हंजे तरी काय — गणितच हाय, चंद्र कुठं होता अन् सूर्य कुठं होता. दुसऱ्याइच्या पत्रिकेत भागाकार चुकलेला राहे, माह्या पत्रिकेत नाई. म्हनून लोकं येत. आंजीहून, वडनेरहून, देवळीहून बैलगाड्या घेऊन येत. भविष्य मी कधीच सांगतलं नाई. जन्माची वेळ आना, कागद घेऊन जा — एवढंच. तेवीस-चोवीस वर्षं एकाही माणसानं नाई म्हनलं का मास्तर, तुमचं चुकलं.

मंग डोळ्यात सारा आला, मोतीबिंदू म्हनतेत तो. पंचांगातले आकडे तुम्ही पाह्यले हायत का? मुंगीच्या पायाएवढे. आमच्या गल्लीतल्या सीताबाईच्या नातवाची पत्रिका केली अन् तीनाचा आठ वाचला म्या. तिनं ती दुसरीकडं दाखवली, तिथं हसले लोकं. सीताबाईनं कागद आनून या टेबलावर ठेवला अन् म्हने, मास्तर, फुरसतीनं पाहाजा. बस. तवापासून मी कोनताही आकडा लिहिला का दोनदा पाहो, दोनदा पाह्यला का तिसऱ्यांदा शंका येवो. रात्रंदिवस माहं माह्याच हातावर ध्यान. गणिताच्या मास्तरचा हात हाय अन् त्यालेच भरोसा नाई — तुम्हाले नाई समजाचं ते.

तवाच नागपूरले गेलतो, बर्डीच्या बाजारात. एका दुकानात हे यंत्र, अन् त्याच्यात पत्रिकेचं सॉफ्टवेअर. म्हंजे यंत्राले काय कराचं ते सांगनारी फ्लॉपी, पापडासारखी चपटी, काळी. दुकानवाला ओमप्रकाश — चांगला बोलते, गोड बोलते, चहा मागवते. मले म्हने, अपना जनम बताओ मास्टरजी. सांगतला. त्यानं टकटक केलं, अन् पाच मिनिटात कर्रकर्र करत कागद बाहेर. कुंडली, नक्षत्र, दशा, सगळं. मी पाह्यलं — बरोबर. माह्या हातानं केलेल्या पत्रिकेसारखं बरोबर. तो म्हने, मशीन गलती नहीं करता मास्टरजी, गलती आदमी करता है. आता त्याले काय माहीत सीताबाईचा नातू? पन मले वाटलं, मलेच बोलून राह्यला. फंडाचा पैसा नुकता हाती आलता, टाकला त्याच्यात. गेल्या सालच्या दसऱ्याले, सत्त्याऐंशीच्या, हे धूड घरी आलं. देवकाबाईनं — आमच्या घरच्याइनं — त्याच्या काचेले कुंकू लावलं, आपट्याचं पान वाहिलं. त्याच दिवशी पाटी रंगवून घेतली. अचूक. तो शब्द पेंटरले मीच सांगतला.

पहिली पत्रिका देवकाबाईचीच काढली. नाव छापून आलं ‘देवकाबा’. काऊन? त्याच्यात नावाले जागाच तेवढी. मोठं नाव असलं का शेपूट कापते. हसली ती. दुसऱ्या दिवशी पाह्यतो तं अनुस्वारच नाई. चंद्राचा ‘चद्र’, कुंभाचा ‘कुभ’, सिंहाचा ‘सिह’. सोळा पानाची पत्रिका अन् एका पानावर टिंब नाई — मी पेन घेऊन बसो अन् टिंबं देत जावो, जसे पोराइचे पेपर तपासाचे तसे. गावाच्या यादीत पाह्यलं तं वडोदरा हाय, वाराणसी हाय, वर्धा नाई. मंग वर्ध्याचे अक्षांश-रेखांश दरवेळी हातानं भराचे. भरताना एक बटन चुकलं का सगळं पुसून जाते अन् पहिल्यापासून नाव विचारते. मांगं फिराची सोयच नाई. अर्धी पत्रिका छापली अन् लाईन गेली — अन् आपल्याकडं लाईन कवा जात नाई — का कागद अर्धा अडकलेला, अन् लाईन आल्यावर हा आंधळ्यासारखा हिरवं टिंब लुकलुकवत बसते. किळस येते हो. आनलेल्या गाईनं दूध नाई देल्लं तं समजते मानूस, तिचा जीव हाय. पन हे मानसानं बनवलं, डब्यात घालून इकलं, अन् इकनाऱ्यानं एकदाही स्वतः सोळा पानं वाचून पाह्यली नाई.

गेलतो ना, तीनदा गेलतो नागपूरले. चिठ्ठीवर सगळ्या चुका लिहून नेल्या, एकाखाली एक. ओमप्रकाश चहा मागवे. म्हने, सॉफ्टवेअर नया है मास्टरजी, नया है तो छोटी-मोटी गलती रहेगीच. म्या म्हनलं, नवं जोडं आनलं तं ते चावते हे समजलं, पन डाव्या पायाचे दोन कोनी देत नाई. तो हसे. म्हने, आप लिखके देते जाओ, हम सुधारते जाएंगे. म्हंजे पैसा मी देऊ, अन् चुकाही मीच शोधू. शाळेत एखाद्या पोरानं असा पेपर देल्ला असता — गुरुजी, तुम्ही चुका दाखवा, मी मंग अभ्यास करतो — तं म्या त्याले बाकावर उभा केला असता. पन एक सांगतो, त्या वक्ती मले एवढं वाईट नाई वाटलं. अनुस्वार नाई, नाव कापते, या वरवरच्या गोष्टी. म्या मनाशी म्हनलं, अक्षर खराब असन त्याचं, गणित तं बरोबर हाय. चांगल्या हुशार पोराइचं अक्षरही खराब राहते. असं समजावलं मनाले.

मंग आंजीचे कवडूजी आले. तुळशीचं लग्न झाल्यावर, नोव्हेंबरात. मोठ्या आंजीले चार एकर वावर हाय त्याइचं, सरळ मानूस. पोरगी यशोदा, बालवाडीत शिकवे, मॅट्रिक होऊन कोर्स केलेली. वडनेरच्या बापूजीच्या पोराशी, केशवशी, बोलनं चाललं होतं. केशव ग्रामसेवक, आंजीलेच ड्युटी, बालवाडीत येनं-जानं राहे — म्हंजे दोघाइनं एकमेकाले पाह्यलेलं होतं, पसंत होतं, मोठ्या मानसाइनं फक्त हो म्हनाचं बाकी होतं. बापूजी म्हनले, पत्रिका तेवढ्या जुळवून घेऊ, अन् आता कॉम्प्युटरवरची निघते म्हने, तीच आना. कवडूजीपाशी जुनी होती. माह्याच हातची, पोरगी झाली तवा, चौसष्ट साली केलेली. ती दाखवून मले म्हने, मास्तर, हेच तेवढं मशीनवर छापून द्या.

दिलं छापून. दहा फेब्रुवारी एकोणीसशे चौसष्ट, सकाळचे साडेनऊ, आंजी. कागद बाहेर आला. जुन्या कागदावर माह्या अक्षरात — सोमवार, पूर्वाषाढा नक्षत्र. नव्यावर — रविवार, अन् नक्षत्र ‘मूल’. सॉफ्टवेअर हिंदीकडलं ना, त्याच्यापाशी ळ नाई, म्हनून मूल. म्हंजे मूळ. तुम्हाले सांगाले नको, मुळावरची पोरगी म्हनलं का लोकं काय म्हनतेत — सासऱ्याच्या जिवावर. मी त्या दोन कागदाकडं पाहात राह्यलो. एक माह्या हातचा, एक मशीनचा. अन् मले काय दिसलं माहीत हाय? तो सीताबाईच्या नातवाचा आठ दिसला. म्या पेन उचललं अन् ‘मूल’च्या लचं ळ केलं. नीट, गोल, वळनदार ळ. माह्याच हातानं.

तानाबाई — कवडूजीची घरवाली — ती बसली होती तिथं, दाराजवळ. पदर डोक्यावरून घेऊन हळूच म्हने, गुरुजी, पोरगी रविवारची नाई, सोमवारची हाय. माहा सोमवार होता, उपासाच्या पोटी बाळंत झाली मी, सुइनीनं साबुदान्याची गंजी पाजली मले. आता बाई स्वतःचं बाळंतपन विसरन का हो? नाई विसरत. पन म्या काय म्हनलं? म्या म्हनलं, वहिनी, चोवीस वर्षं झाली, मानसाच्या ध्यानात एक दिवस इकडचा तिकडं होते, मशीनच्या होत नाई. ओमप्रकाशचंच बोलनं, फक्त मराठीत. मास्तर बोलला म्हनल्यावर कोन काय बोलन?

यशोदा उभी होती भिंतीले टेकून. लाजली नाई, घाबरली नाई. तिनं सरळ इचारलं — गुरुजी, जुनी पत्रिका तुमच्याच हातची ना? मंग चूक कवा झाली, तवा का आता? एवढाच प्रश्न. वर्गात असा प्रश्न इचारनारं पोरगं दहा वर्षांत एखादं भेटते. म्या म्हनलं, तवा. अन् जुना कागद जवळ ओढून त्याच्यावर लाल पेननं आडवी फुली मारली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. चुकलेल्या गणितावर मारतो तशी.

पंचांग? हाव, होतं ना. चौसष्टचं पंचांग याच घरात होतं, माळ्यावर, पेटीत. वर चढून पाह्यलं असतं तं पाच मिनिटाचं काम. नाई चढलो. तुम्ही इचारलं म्हनून सांगतो, तवा शिडीही होती घरात.

वडनेरच्या बापूजीनं कागद पाह्यला. चांगला मानूस, वाईटवंगाळ एक शब्द नाई बोलला. घडी घालून परत देल्ला अन् म्हने, मास्तर, मी जुन्या मताचा नाई, पन घरात बाया हायत, अन् सासरा मीच हावो. केशवनं लय जोर केला म्हनतेत. दोन दिवस जेवला नाई म्हनतेत. पन बापासमोर किती करन? मोडलं ते. अन् मंग कवडूजी माह्याकडंच आले, दुसऱ्या कोनाकडं जातीन? म्हने, आता काय करू मास्तर, सगळ्या आंजीत झालं मुळावरची म्हनून. म्या म्हनलं, सासराच नाई असं घर पाहा. तसं करतेत लोकं, रीतच हाय. म्हने, कुठं हाय असं घर? अन् घर मले माहीत होतं. आमच्याच अल्लीपूरले, माही चुलतबहीन आनंदाबाई. नवरा केव्हाचाच गेलेला. तिचा पोरगा चंद्रभान, अडतीसचा, पहिली बायको कावीळ होऊन गेलेली, दोन लेकरं. आनंदाबाई दोन वर्षं माह्यामांगं लागली होती — दादा, पोरगी पाह्य, दादा, पोरगी पाह्य. नाई नाई, चंद्रभान वाईट मानूस नोहे. दारू पीत नाई, हात उचलत नाई. पन अडतीसचा, अन् बोलते कमी. अन् साक्षगंधातच सांगून मोकळा झाला का नोकरी-फिकरी नाई चालाची, लेकराइले कोन पाहीन. यशोदानं बालवाडीच्या किल्ल्या सरपंचाच्या घरी नेऊन देल्ल्या. मार्गशीर्षात साक्षगंध झालं, माघात लग्न.

मंग चैत्रात ओमप्रकाशची नवी फ्लॉपी आली, तवा समजलं का गणितच चुकीचं होतं. पन तोवर लग्न होऊन गेलतं. काय करता? आपल्या हाती काय राहते? कंपनीनं चूक केली, भोगलं पोरीनं, हे असं हाय या सॉफ्टवेअरवाल्याइचं —

काय म्हनलं? चुकीचं होतं हे माहीत नसताना नवी फ्लॉपी मागवली कशी?

तुम्ही काय काम करता हो? तलाठी. हं. वाटलंच मले.

बरोबर हाय तुमचं. मीच मागवली. जानेवारीत. म्हंजे असं झालं — पंचवीस जानेवारी, सोमवार. सेवाग्रामच्या रस्त्यावर सायकलचं दुकान हाय एका पोराचं, त्याले आदल्या दिवशी पोरगं झालं. पेढे घेऊन आलता. पत्रिका काढली. कागद वाचून तो म्हने, गुरुजी, इथं शनिवार लिहून राह्यलं, काल तं रविवार होता. म्या म्हनलं, मशीन — अन् तिथंच थांबलो. काल रविवार होता, हे काय मशीनले इचाराचं? भिंतीवर कॅलेंडर, समोर बाप, दवाखान्यात पोरगं, सगळे म्हनतेत रविवार. अन् हा म्हनते शनिवार. त्याले म्या पेढा परत देल्ला, म्हनलं उद्या ये. अन् बसून एकेक साल टाकून पाह्यलं. त्रेसष्ट — बरोबर. पासष्ट — बरोबर. चौसष्ट — जानेवारी चूक, फेब्रुवारी चूक, मार्चपासून बरोबर. अडुसष्ट तसंच. बहात्तर तसंच. ज्या सालात फेब्रुवारी एकोनतीसचा असते, त्या सालाच्या पहिल्या दोन महिन्यात हा लेकाचा एक दिवस मांगं चालते. अन् एक दिवस मांगं म्हंजे चंद्र एक नक्षत्र मांगं. माही स्वतःची पत्रिका दुकानात बरोबर आली, काऊन का मी ऑगस्टचा.

मंग चढलो माळ्यावर. देवकाबाईनं शिडी धरली. चौसष्टचं पंचांग काढलं, वाळवीनं कडा खाल्लेल्या, पन आतले आकडे शाबूत. दहा फेब्रुवारी. सोमवार. पूर्वाषाढा. म्या जे लिहिलं होतं तेच. माहा हात चुकला नव्हता भाऊ. चोवीस वर्षाखाली नव्हता चुकला. अन् मले त्याचा आनंद झाला. पहिल्यांदा आनंदच झाला, हे तुमच्यापाशी खोटं नाई बोलत — म्या देवकाबाईले वरूनच सांगतलं, माहं बरोबर होतं म्हनून. ती खालून म्हने, अन् पोरीचं काय?

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाची सुट्टी, सत्तावीसले नागपूर गाठलं. ओमप्रकाशनं आतून एक पोरसवदा चष्मेवाला बोलावला, त्यानं माह्या हातातली तारखाइची पट्टी पाह्यली अन् म्हने, अरे हां, लीप इयरका एक दिन मायनस करना था, दो जगा मायनस हो गया. असं म्हने. दो जगा. जसं काही चहात साखर दोनदा पडली. म्या म्हनलं, अरे बाबा, याच्यावर एक पोरगी मुळावरची ठरली. ओमप्रकाश म्हने, मास्टरजी, और किसीने तो कम्प्लेंट नहीं की. अन् खरंच हाय ते. किती गावात किती मशीनं असतीन, किती पोरी चौसष्टच्या असतीन — कोनीच तक्रार नाई केली. काऊन करतीन? सगळ्याइनं आपल्या मायलेच खोटं पाडलं असन, जसं म्या तानाबाईले पाडलं. नवी फ्लॉपी देतो म्हने, दोन महिने लागतीन, अन् तिचे पैसे वेगळे.

लग्न कवा होतं? चौदा फेब्रुवारीले. तुमच्या मनात जे चाललं ते मले दिसून राह्यलं. पंचवीस जानेवारी ते चौदा फेब्रुवारी, वीस दिवस होते माह्यापाशी. आंजी इथून किती दूर? सायकलनं जातेत लोकं. केशवचं लग्न तोवर झालेलं नव्हतं. कवडूजीच्या घरी जाऊन एवढंच म्हनाचं होतं — चूक माही हाय, पोरगी सोमवारची हाय. मी गेलतो आंजीले. खरंच गेलतो, एकतीसले. स्टँडवर उतरलो, पारापर्यंत गेलो. तिथून त्याइचा मांडव दिसे, हिरव्या बांबूचा, पोरं चढून बांधून राह्यले होते. अन् आनंदाबाईनं नव्या सुनेसाठी बांगड्या घेतल्या होत्या, चंद्रभाननं घराले चुना मारला होता, दोन लेकरं नवी माय येनार म्हनून गावभर सांगत फिरत होते. कोनाकोनाले तोंड देऊ? अन् ती पाटी. सगळं सांगतलं असतं तं लोकाइनं इचारलं असतं, मास्तर, बाकीच्या किती चुकल्या? अठ्ठावन पत्रिका काढल्या होत्या म्या तोवर. म्या मनाशी म्हनलं, नवी फ्लॉपी येऊ दे, छापील पुरावा हाती येऊ दे, मंग जाऊ. छापील. म्हंजे माह्या पंचांगावर, माह्या हातावर, तानाबाईच्या उपासावर मलेच भरोसा नव्हता, मशीनची चूकही मले मशीनकडूनच लिहून पायजे होती. पाराजवळून परत फिरलो. चौदाले लग्नाले गेलो. अक्षता टाकल्या. जेवलो पन.

ज्येष्ठात अल्लीपूरले चंद्रभानचा काका वारला. सत्तरीचा, दम्याचा. बायाइले निमित्त झालं — सासरा नाई तं चुलतसासरा, मुळावरची हाय. यशोदा माहेरी आली, ती परत जाताना इथं उतरली. एकटी. वर्ध्याच्या स्टँडवरून चालत आली. पिशवीतून दोन कागद काढले. एक ती जुनी पत्रिका, लाल फुलीची — तिनं जपून ठेवली होती. दुसऱ्या कागदावर तिनं आंजीच्या शाळेतल्या चौसष्टच्या हजेरीपुस्तकातून उतरवून आनलं होतं, दहा फेब्रुवारी, सोमवार, पटावर इतके, हजर इतके. म्हने, गुरुजी, माय बरोबर होती. म्या मान हालवली. म्हने, तुम्हाले कवा समजलं?

चैत्रात, म्या म्हनलं. नवी फ्लॉपी आली तवा.

ती माह्याकडं पाहात राह्यली. मले नीट दिसत नाई, तिच्या तोंडावर काय होतं ते नाई सांगू शकत मी. मंग म्हने, या फुलीखाली लिहून द्या, ही पत्रिका बरोबर हाय म्हनून. सही करा, तारीख टाका. म्या म्हनलं, नवी लिहून देतो ना, चांगल्या कागदावर. म्हने, नोको, याच्यावरच. फुली दिसू द्या. मले ओळ दिसे ना, तिनं कागदावर बोट ठेवलं, त्या बोटाच्या आधारानं म्या लिहिलं. कागद घेऊन गेली अल्लीपूरले. चंद्रभाननं वाचला, बायाइले बोलावून वाचून दाखवला म्हनतेत, अन् तेव्हापासून मुळावरची कोनी म्हनत नाई. यंदा आनंदाबाईची राखी नाई आली मले. चंद्रभाननं यशोदासाठी तिथल्या बालवाडीत बोलून ठेवलं म्हनतेत, जूनपासून घेतीन. घेतीन का नाई कोन जाने. केशवचं वैशाखात झालं, पुलगावची पोरगी हाय.

अठ्ठावनपैकी चार निघाल्या तशा सालाच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या. बाकी तिघाइच्या घरी जाऊन आलो मी, पंचांग घेऊन. दोघाइनं चहा देल्ला, एकानं दारातूनच वाटेले लावलं. आंजीले तेवढं नाई गेलो. चैत्र म्हनलं ते चैत्रच हाय तिथं अजून. देवकाबाईले माहीत हाय, अन् आता तुम्हाले. अन् तुमची माही ओळख किती? अर्ध्या घंट्याची. काऊन सांगतलं म्या तुम्हाले हे सगळं? उन्हानं डोस्कं फिरलं असन. उन्ह तरी कुठं हाय डिसेंबरात.

हं? काय म्हनता?

नाई, ऐकलं म्या. परत एकदा म्हना.

नवी फ्लॉपी आली ना, तिच्यात सुधरलं असन ना, मंग तिच्यावर एक काढून द्या. पोराकडचे ऐकत नाईत — असंच म्हनता ना?

हं.

सुधरलं ना. अनुस्वारही येते आता, वर्धाही आली यादीत. नव्यात काय बिघडलं ते अजून म्या पाह्यलं नाई, अन् पाहाचं नाई मले. ती पोरीच्या जन्मवेळेची चिठ्ठी ठेवा तुमच्या खिशात. नाई, टेबलावर नका ठेवू, खिशात ठेवा. स्टेशनरोडले नवं दुकान निघालं, तिथं रंगीत छापून देतेत, गनपतीचं चित्र राहते वर. पाच मिनिटात देतेत, काही इचारत नाईत. तिथं जा. तुमच्या बसले वेळ हाय अजून, होऊन जाते.

उठा भाऊ. दार ओढून घेजा.